मोसंबीच्या सालीपासून प्रीबायोटिक: नुसती पावडर, पेक्टिन की त्याच्याही पुढचं?

तुर्भेकर_ज्यूस

नमस्कार मंडळी. तुर्भे एमआयडीसीत मोसंबी ज्यूसचं छोटं युनिट आहे, माल वाशीच्या फळबाजारातून येतो. रोज साधारण ६०० किलो मोसंबी पिळली जाते आणि साल-चोथा मिळून ३०० किलो उरतो. तो उचलून न्यायलाही पैसे मोजावे लागतात. त्यापासून प्रीबायोटिक (पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य) घटक करून बेकरीवाल्यांना आणि न्यूट्रावाल्यांना (आरोग्यपूरक पदार्थ बनवणाऱ्यांना) देता येईल का, हे बघतोय.

दोन चाचण्या केल्या, तपशील असे:

पहिली: सकाळची साल संध्याकाळी ट्रे ड्रायरमध्ये, ८० अंश, रात्रभर. मग पल्व्हरायझर. पावडर तपकिरी आणि कडूजहर.

दुसरी: साल बोअरच्या पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून (पीएच ३ च्या आसपास) तासभर उकळली, गाळली, अर्काएवढंच ९५ टक्के अल्कोहोल घातलं. पेक्टिनच्या (सालीतला जॅम घट्ट करणारा पदार्थ) दोऱ्या येतील असं वाचलं होतं, आला तो बुळबुळीत ढग. कापडातून निम्मा निघून गेला.

विचारायचंय ते असं: चुकलं कुठे? साल नुसती सुकवून दळली तर तिला प्रीबायोटिक म्हणता येतं का? आणि पावसाळ्यात हे चालणार कसं?

साल_ते_साखळी

पावडरीपासून सुरू करतो. साल सात-आठ तास पिंपात पडून राहिली, नुकसान तिथेच झालं. यीस्ट साखर आंबवतं. बुरशीची पेक्टिनेज एन्झाइमं पेक्टिनची साखळी कुरतडतात. सालीतलंच पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे एन्झाइम त्या साखळीला झाकणारे मिथाइल गट उडवत बसतं. आणि कापलेल्या पेशींमधलं आम्ल एका बेचव पदार्थाचं हळूहळू लिमोनिन करतं, तोच तुमचा कडवटपणा. बिया काढल्या नसतील तर दुप्पट, कारण लिमोनिन बियांत भरपूर असतं. तपकिरी रंगाचं कारण वेगळं: साखर न धुता ८० अंशाला रात्रभर ठेवली की ती करपणारच.

पेक्टिनच्या चाचणीत तीन चुका एकावर एक आल्या. पीएच ३ ला सालीत घट्ट बसलेलं पेक्टिन नीट सुटत नाही, १.५ ते २ लागतो, ८५-९० अंश, ६० ते ९० मिनिटं. सायट्रिकने तिथवर जाणं महाग पडतं: १ टक्का द्रावण कसंबसं २.२ ला पोचतं आणि साल ते परत वर ओढते. दुसरं, बोअरचं पाणी. त्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून सालीतच अडकवतं. एमआयडीसीच्या नळाचं पाणी वापरा, तेही आधी हार्डनेस किटने मोजून. तिसरं, अल्कोहोल. अर्काएवढंच ९५ टक्क्यांचं घातलं की मिश्रणात ४७-४८ टक्केच होतं. दोऱ्या यायला निदान ६०-६५ हवं, म्हणजे अर्काच्या २.२ पट.

आता हाच हिशोब तुमच्या रोजच्या मालावर लावा. ३०० किलो ओली साल, त्यात ७८ टक्के पाणी, म्हणजे घन भाग ६६ किलो. साखर धुतली की ४५ च्या आसपास. सुक्या सालीला २० पट पाणी धरलं तर ९०० लिटर अर्क, त्याला २००० लिटर अल्कोहोल. व्हॅक्यूममध्ये आटवून अर्क ३०० लिटरवर आणला तरी ६६० लिटर. हातात येणार ८-९ किलो पेक्टिन. अल्कोहोल परत मिळवायला डिस्टिलेशन कॉलम हवा, इथेनॉल असेल तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना. आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं तर तो प्रश्न सुटतो, पण त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) १२ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत ते पेटायला तयार. आणि हे ठळक लिहून ठेवा: अल्कोहोलने ओलं पेक्टिन साध्या इलेक्ट्रिक ट्रे ड्रायरमध्ये कधीही घालू नका. हीटर कॉइल आणि अल्कोहोलची वाफ एका बंद कपाटात, हा स्फोटच आहे.

थोडक्यात, ३०० किलोच्या धंद्यात पेक्टिन सोडून द्या. सुरुवात धुतलेल्या सालीच्या फायबरने करा. पद्धत:

मोसंबी पिळण्याआधीच ५०-१०० पीपीएम क्लोरीनच्या पाण्यात दोन मिनिटं, मग साध्या पाण्याने. स्टिकर तिथेच काढायचे, नंतर सापडत नाहीत. पिळल्यावर बिया वेगळ्या, साल ६-८ मिमी तुकड्यांत, आणि दोन तासांच्या आत ब्लांचिंग, म्हणजे एन्झाइमं मारायला उकळत्या पाण्यात ८-१० मिनिटं. मग थंड पाण्याने दोनदा धुणं, दर वेळी सालीच्या दुप्पट पाणी. दुसऱ्या धुण्याचं पाणी टाकू नका, ते पुढच्या बॅचचं पहिलं पाणी, म्हणजे रोज ताजं पाणी ६०० लिटरच लागेल. मग स्क्रू प्रेस किंवा हायड्रॉलिक प्रेस. ओलावा ७२ टक्क्यांपर्यंत उतरला की १६० किलो ओला चोथा राहतो.

सुकवण ६० अंशाला, ८ ते १० तास. चौरस मीटरला ५ किलोच्या वर भरू नका, नाहीतर वर पापडी आणि आत ओल. नेहमीचा ३२ बाय १६ इंची ट्रे ०.३३ चौरस मीटरचा, म्हणजे १६० किलोला साधारण ९६ ट्रे लागतील. ४८ ट्रेच्या ड्रायरमध्ये दोन पाळ्या, पण दुसऱ्या पाळीची साल तोवर फ्रिजमध्ये. १११ लिटर पाणी उडवायचंय, लिटरला १.२ युनिट धरलं तर रोज १३० युनिटच्या वर वीज. शेवटी ८ टक्के ओलाव्याची ४८-४९ किलो पावडर.

क्यूसी_रबाळे

वरची मांडणी नेमकी आहे, पण ब्लांचिंगला हरकत. उकळत्या पाण्यात ८-१० मिनिटं ठेवलीत तर पाण्यात विरघळणारं पेक्टिन तिथेच वाहून जाईल, आणि प्रीबायोटिक म्हणून ज्याची थोडीफार किंमत आहे ते तेच. वाफेवर करा. जाळीच्या ट्रेमध्ये पातळ थर, तुकड्याच्या मध्यभागी ८५ अंश लागले की पुरे, साधारण ३-४ मिनिटं.

झालं की नाही हे अंदाजाने ठरवू नका. तुकडा कापून कापलेल्या बाजूवर ग्वायकॉल या लॅबच्या रसायनाच्या १ टक्का द्रावणाचा एक थेंब आणि पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब टाका. तीन मिनिटांत लालसर-विटकरी डाग उमटला तर सालीतलं पेरॉक्सिडेज हे एन्झाइम जिवंत आहे, अजून एक मिनिट वाफ द्या. पेरॉक्सिडेज चिवट असतं. ते निवलं म्हणजे बाकीची बहुतेक गेली असं धरायला हरकत नाही.

पावसाळ्याबद्दल. ठाणे-नवी मुंबईत जुलैमध्ये हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असते. ड्रायर त्यातूनही काम करतो, फक्त वेळ वाढतो. खरी फजिती होते ड्रायरच्या बाहेर. गरम पावडर उघड्या ट्रेमध्ये थंड करायला ठेवली की दोन-तीन तासांत ओल धरून गठ्ठे होतात आणि पल्व्हरायझरची जाळी बसते. दळण्याची आणि भरण्याची खोली बंद, डिह्युमिडिफायरने ५० टक्क्यांच्या खाली. दळण ६० ते ८० मेश (चाळणीच्या जाळीचा नंबर). मशीन गरम होऊ देऊ नका, सालीतलं उरलंसुरलं तेल हवेने बिघडून रंगाच्या डब्यासारखा वास येतो. भरताना आत जाड पॉलिथिन, बाहेर ॲल्युमिनियम लॅमिनेट. वॉटर ॲक्टिव्हिटी (जंतूंना वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याचं माप) ०.४ च्या आत.

सांडपाण्याचं कोणी काढलंच नाही. धुण्यात रोज २० किलोच्या आसपास साखर जाते. ६०० लिटरमध्ये २० किलो, म्हणजे सीओडी (पाण्यातली घाण मोजायचं माप) लिटरला ३५,००० मिलिग्रॅमच्या घरात. हे थेट सामायिक प्रक्रिया केंद्राच्या लाइनला सोडलंत तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस ठरलेली, संमतीपत्रात काय लिहिलंय ते आधी बघा. पहिल्या धुण्याचं दाट पाणी वेगळं साठवून बायोगॅसवाल्याला देता येतं. पण सालीचं तेल, म्हणजे लिमोनीन, मिथेन करणाऱ्या जिवाणूंना मारक आहे, त्यामुळे ते पाणी इतर ओल्या कचऱ्यात थोडं थोडं मिसळूनच. (लिमोनिन आणि लिमोनीन ही दोन वेगळी प्रकरणं: पहिलं कडू, दुसरं वासाचं.)

साल_ते_साखळी

वाफेचं मान्य, माझी मिनिटं जास्तच होती. बॉयलर नसेल तर इडलीच्या मोठ्या स्टीमरवर चाचणी करता येईल.

घोडबंदर_एन्झाइम

मूळ प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही: या पावडरला प्रीबायोटिक म्हणायचं का?

हा शब्द १९९५ मध्ये गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड यांनी आणला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या व्याख्येनुसार, आपल्या शरीरातले सूक्ष्मजीव जो पदार्थ निवडकपणे वापरतात आणि त्यातून आरोग्याला फायदा होतो, तो प्रीबायोटिक. सगळं अडतं 'निवडकपणे'वर. सालीतलं सेल्युलोज बहुतेक तसंच बाहेर पडतं. अख्खं पेक्टिन बॅक्टेरॉइड्ससारखे जिवाणू तोडतात, पण ज्यांच्या नावावर बाजार चालतो त्या बिफिडोबॅक्टेरियांना (आतड्यातल्या 'चांगल्या' जिवाणूंना) पेक्टिनचा मुख्य कणा सहसा पचत नाही. त्यांना लागतात बाजूच्या अरॅबिनोज-गॅलॅक्टोजच्या फांद्या आणि तुटलेले छोटे तुकडे. म्हणून नुसती पावडर हे फायबर. तुकडे केले, म्हणजे पेक्टिक ऑलिगोसॅकराइड केले, तर प्रीबायोटिकची चर्चा सुरू करता येते.

आणि त्यासाठी आधी पेक्टिन वेगळं काढावंच लागतं असं नाही. धुतलेल्या ओल्या सालीवर थेट एन्झाइम चालवता येतं, अल्कोहोलचा संबंधच राहत नाही.

लहान चाचणी: धुऊन दाबलेली साल, घन भाग १ किलो भरेल एवढी, पाणी घालून १२ लिटर. मिक्सरमध्ये जाडसर. पीएच ४.५, सायट्रिक ॲसिड आणि सोडियम सायट्रेटने. ४५-५० अंश, सतत ढवळत. पेक्टिनेज घन भागाच्या ०.०५, ०.१ आणि ०.२ टक्के अशा तीन वेगळ्या भांड्यांत. १५, ३०, ६०, १२० मिनिटांना प्रत्येकातून नमुना काढायचा आणि लगेच उकळत्या पाण्यात १० मिनिटं, नाहीतर नमुन्यात एन्झाइम चालूच राहतं आणि आकडे खोटे येतात.

कुठे थांबायचं? हाच या कामाचा गाभा. ज्यूस निवळायला मिळतं ते पेक्टिनेज हे मिश्रण असतं: साखळी मधून तोडणारं एन्डो, टोकाकडून एकेक मणी (साखळीतलं एक एकक) सोडवणारं एक्सो, थोडं सेल्युलोज तोडणारं सेल्युलेज. सुरुवातीला दाटपणा झपाट्याने उतरतो पण रिड्यूसिंग शुगर (साखळी तुटून मोकळी झालेली साखरेची टोकं) फारशी वाढत नाही, हे एन्डोचं काम, आपल्याला हवं ते. पुढे दाटपणा स्थिर आणि रिड्यूसिंग शुगर चढतच राहिली की समजा एक्सो मणी सोडवतंय. त्या टप्प्यावर तयार होतंय ते गॅलॅक्ट्युरॉनिक ॲसिड आणि ग्लुकोज, प्रीबायोटिक नव्हे. जास्त वेळ ठेवलं की जास्त उतारा, असं समजून रात्रभर ठेवणारे इथेच फसतात: ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थाचं माप) छान दिसतो आणि माल साखरेचा. डीएनएस या रंगाच्या चाचणीने रिड्यूसिंग शुगर मोजा, शिवाय सिलिकाच्या पट्टीवर टीएलसी (तुकडे आकाराप्रमाणे वेगळे दाखवणारी चाचणी) लावा (ब्युटेनॉल, ॲसिटिक ॲसिड, पाणी २:१:१), शेजारी गॅलॅक्ट्युरॉनिक ॲसिडचा ठिपका. दोन ते दहा मण्यांचे पट्टे खाली शिडीसारखे दिसायला हवेत. वरचा एकच ठिपका जाड झाला तर ती वेळ टाळा.

शुद्ध एन्डो-पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज विकत घेतलं आणि काही घडलंच नाही, अशीही तक्रार येते. मोसंबीवर्गीय पेक्टिनमध्ये साधारण ६५-७५ टक्के जागा मिथाइलने झाकलेल्या असतात आणि या एन्झाइमला उघड्या जागा लागतात. मग एक तर पेक्टिन लायेज असलेलं घ्या, ते झाकलेल्या साखळीवर चालतं, किंवा सोबत मिथाइलएस्टरेज. मिथाइलएस्टरेज वापरलं तर मिथेनॉल सुटतं. सगळे गट निघाले तर १ किलो पेक्टिनमागे ८० ग्रॅमच्या आसपास. आटवताना बरंचसं उडतं, पण उडतं म्हणजे तुमच्या कामगाराच्या नाकासमोर. वाफ कंडेन्सरमधून बाहेर काढा आणि तयार मालात मिथेनॉल तपासून घ्या.

वेळ ठरली की मोठ्या बॅचला ९० अंश १० मिनिटं, गाळणी, आटवणं, स्प्रे ड्राय. स्प्रे ड्रायिंगला हे तुकडे चिकट आणि ओल धरणारे. लोक सवयीने माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) मिसळतात, पण ते पचतं, म्हणजे फायबरचा आकडा तुम्ही स्वतःच पाडता. बाभळीचा डिंक घाला. आत जाणारी हवा (इनलेट) १६०-१७० अंश, बाहेर येणारी (आउटलेट) ८०-८५.

तुर्भेकर_ज्यूस

खूप खूप आभार, एवढं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. दोन शंका. ३०० किलोमागे ऑलिगो किती निघेल? आणि स्प्रे ड्रायर, इव्हॅपोरेटर काहीच नसेल तर मधला मार्ग आहे का?

घोडबंदर_एन्झाइम

कमाल मर्यादा पेक्टिन असेल तेवढीच, रोज ९-१० किलो. चोथ्यात आणि गाळणीत अडकून त्यातलं बरंच मागे राहतं. आणि तेवढ्यासाठी ४००-५०० लिटर पाणी आटवायचं. भाड्याने स्प्रे ड्रायर मिळाला तरी रोज एवढं पातळ द्रावण टँकरने नेणं परवडत नाही.

मधला मार्ग आहे. दाबलेला १६० किलो चोथा, ७२ टक्के ओलाव्याचा, त्यावर पीएच ४.५ च्या थोड्या पाण्यात विरघळवलेलं एन्झाइम फवारायचं. रिबन ब्लेंडरमध्ये ४५ अंशाला चाचणीत ठरली तेवढी वेळ, घट्ट मालात ती वाढवावी लागते. मग गाळायचं-आटवायचं काही नाही, सगळंच सुकवायचं. विरघळणारे तुकडे आणि न विरघळणारं फायबर एकाच पावडरीत. सांडपाणी वाढत नाही.

अडचणी दोन. ट्रेला चिकटतं, म्हणून फूडग्रेड नॉनस्टिक शीट आणि थर पातळ. दुसरी मोठी: ६० अंशाच्या कोरड्या हवेत एन्झाइम मरत नाही, नुसतं झोपतं. तुमची पावडर जॅममध्ये किंवा फळांच्या दह्यात गेली की जागं होऊन गिऱ्हाइकाचं पेक्टिन तोडेल आणि त्याचा जॅम पातळ. म्हणून सुकवण्याआधी पुन्हा वाफ, मध्यभागी ९० अंश १० मिनिटं. तपासायला सोपं: १ टक्का पेक्टिनच्या द्रावणात थोडी पावडर घालून रात्रभर ४० अंशाला ठेवा, शेजारी उकळलेली पावडर घातलेला दुसरा ग्लास. सकाळी पहिलं पातळ झालं असेल तर बॅच परत वाफेवर.

एक गोष्ट गमवाल. नुसतं धुतलेलं फायबर आपल्या वजनाच्या ७ ते १२ पट पाणी धरतं, बेकरीवाले त्याचेच पैसे देतात. एन्झाइमने ते उतरतं. त्यामुळे बेकरीला साधी पावडर, न्यूट्राला ही, अशा दोन वेगळ्या वस्तू ठेवा.

क्यूसी_रबाळे

विकण्याआधी टेस्ट रिपोर्टची एक अडचण. लॅबला नुसतं 'डाएटरी फायबर' सांगितलंत तर ते बहुधा एओएसी ९९१.४३ या प्रमाणित पद्धतीने करतील. त्यात फायबर अल्कोहोलमध्ये बसवून वजन करतात. ऑलिगोचे छोटे तुकडे अल्कोहोलमध्ये बसतच नाहीत, गाळात न येता निघून जातात. म्हणजे जितकं चांगलं काम कराल तितका आकडा कमी. एओएसी २००९.०१ मागा, त्यात हे तुकडे एचपीएलसी यंत्राने वेगळे मोजतात. महाग आहे, पण कोटेशन घेतानाच पद्धतीचा नंबर लिहून द्या. सोबत कीटकनाशकांचे अंश, जड धातू, यीस्ट-मोल्ड. फळावरच्या फवारणीतलं बरंचसं सालीतच असतं आणि सुकवल्यावर चार-पाच पट घट्ट होतं, म्हणून रसाचा रिपोर्ट सालीला लावू नका.

कायद्याचं. एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) न्यूट्रास्युटिकल नियमांत प्रीबायोटिकची यादी आहे: इन्युलिन, फ्रुक्टो, गॅलॅक्टो, झायलो, आयसोमाल्टो ऑलिगोसॅकराइड वगैरे. तुमचा घटक ज्या नावाने विकाल ते नाव चालू यादीत आहे का ते बघा. यादीबाहेरच्या घटकाला २०१७ च्या नॉन-स्पेसिफाइड फूडच्या नियमांखाली अर्ज, आणि केंद्रीय परवाना. त्यापेक्षा फायबर म्हणून बाजारात उतरणं सोपं: तयार पदार्थात १०० ग्रॅममागे ३ ग्रॅम असेल तर फायबरचा स्रोत, ६ ग्रॅम असेल तर भरपूर फायबर, हा दावा २०१८ च्या नियमांत बसतो. लेबलवर प्रीबायोटिक लिहायचंच असेल तर निदान विष्ठेच्या जिवाणूंवर २४-४८ तासांची बॅच चाचणी, त्यात जिवाणूंनी तयार केलेली आम्लं (ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट) आणि बिफिडोची मोजणी, शेजारी इन्युलिन तुलनेला. तीही सुरुवातच, माणसांवरचा पुरावा नव्हे.

तुर्भेकर_ज्यूस

एप्रिल-मेमध्ये आंब्याचा पल्पही काढतो. त्याची सालही याच लाइनवर घेतली तर? कधी कधी अननस आणि डाळिंबही असतं.

साल_ते_साखळी

आंबा चालेल, पण वेगळी बॅच. सालीत पेक्टिन चांगलं असतं, मात्र हवा लागताच काळी पडते, म्हणून मोसंबीचे दोन तास इथे अर्ध्या तासावर आणा. देठाजवळच्या चिकाने आणि सालीतल्या तेलकट पदार्थांनी हाताला पुरळ उठतं. नायट्राइलचे हातमोजे, साधे कापडी नकोत, ते चीक शोषून घेतात. कार्बाइडने पिकवलेला माल घेऊच नका, त्यावर बंदी आहेच. इथिलीन चेंबरचा माल मागा.

अननसात पेक्टिन कमी, झायलन (दुसऱ्या प्रकारचं फायबर) जास्त. त्याला अल्कली आणि झायलन तोडणाऱ्या झायलनेज एन्झाइमची वेगळी प्रक्रिया लागते, तुमच्या लाइनवर नको. डाळिंबाची साल तर मिसळूच नका. तिच्यातलं टॅनिन एन्झाइमच्या प्रथिनाला चिकटून त्याला निकामी करतं, आणि चार किलो डाळिंबाने शंभर किलो मोसंबीची पावडर तुरट होते. कलिंगडाबद्दल विचारणारच असाल तर: साल जवळजवळ सगळी पाणीच, विजेच्या बिलात जाईल.

क्यूसी_रबाळे

आंबा संपून मोसंबी सुरू करताना ब्लेंडरचं सील उघडून धुवा. तिथे अडकलेला आंब्याचा गर पहिल्या दोन बॅचना काळे ठिपके देतो आणि लोक ड्रायरला दोष देतात.